मुंबईहून आळंदीपर्यंत : वारीच्या आधीची वाट

पंढरीच्या वारीचे वर्णन बहुधा आळंदीच्या महाद्वारापासून सुरू होते. टाळमृदंगाचा घोष उठतो, माउलींच्या पादुका पालखीत विराजमान होतात आणि सोहळा मार्गस्थ होतो. परंतु लालबाग, परळ, दादर किंवा गिरगाव येथील वारकऱ्याची वारी त्यापूर्वीच, अंधाऱ्या पहाटे चाळीच्या जिन्यावर सुरू झालेली असते. आळंदीपासून पुढच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवर कोणत्या तिथीस कोठे मुक्काम करावयाचा हे परंपरेने ठरलेले आहे. त्या अलीकडची वाट मात्र ज्याची त्याने ठरवावयाची असते. आणि पुष्कळदा तीच अधिक दमविते.

मुंबई आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, हे या अडचणीचे मूळ होय. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५६ साली ती खोपोलीपर्यंत पोहोचली, आणि १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरा लोहमार्ग सुरू झाला. मधला बोरघाट मात्र तसाच राहिला. उतारूंनी खोपोलीस उतरावे, तट्टू, गाडी अथवा पालखी करून घाट चढावा आणि वर पुन्हा आगगाडीत बसावे, असा क्रम पाच वर्षे चालला. त्या काळी मुंबईकराला पुण्यास जाताना ‘पालखी’ भेटे ती अशी, भोयांच्या खांद्यावरची आणि भाडे घेणारी! १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाला. सदतीस फुटांत एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल असे ते काम होते. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर त्यावर राबत होते आणि पटकीने त्यांच्यापैकी पुष्कळांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच काही आठवड्यांत वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालविले. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात, ती याच चढासाठी.

आगगाडीमुळे पायी वारी संपुष्टात येईल, असा तर्क त्या काळी कोणी केला असता तर तो गैर ठरला नसता. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी कुर्डुवाडीहून थेट पंढरपुरात पोहोचली. मुंबईत बसावे, कुर्डुवाडीस गाडी बदलावी आणि चंद्रभागेवर उतरावे, इतके सारे सोपे झाले. एकादशीच्या दर्शनापुरते जाणाऱ्यांनी या सोयीचा भरपूर लाभ घेतला. परंतु दिंड्या ओस पडल्या नाहीत. उलट जो कामगार मुंबईहून आळंदीपर्यंत चालत जाऊ शकला नसता, तो गाडीने पुण्यास येऊन दिंडीत उभा राहू लागला. चालणे वाचविण्यासाठी निर्माण झालेले वाहन चालणाऱ्यांना चालण्याच्या जागी नेऊन सोडू लागले.

याच्या अगदी उलट प्रसंग २०२० साली आला. साथीमुळे पायी सोहळा स्थगित झाला आणि दशमीच्या दिवशी, ३० जून रोजी, संतांच्या पादुका राज्य परिवहनाच्या बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. जी वाट चालण्यास एरवी अठरा-एकोणीस दिवस लागतात, ती एका दिवसात संपली. पुढील वर्षीही बसचाच आश्रय घ्यावा लागला. त्या दोन वर्षी प्रवास घडला, पण त्याला वारी म्हणावयास पुष्कळांचे मन धजले नाही.

गिरणगावाच्या दृष्टीने या वाटेचे मोल रजेच्या हिशेबात मोजले जाई. घाटावरून आलेला गिरणी कामगार सातारा किंवा पुणे जिल्ह्यातले आपले घर सोडून परळच्या खोलीत दहा-बारा जणांसह राहात असे. वारीला जावयाचे म्हणजे मजुरी बुडवावयाची. आणि साच्यावरची त्याची जागा तेवढ्या दिवसांपुरती बदली कामगाराकडे जावयाची. म्हणून आळंदीस एक दिवस आधी पोहोचणे ही चैन होती, तर एक दिवस उशिरा पोहोचणे म्हणजे दिंडी गाठण्यासाठी जिवाची धावपळ होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, भोंगे थांबले. कचेरीत किंवा दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या मुलानातवंडांना रजेचा तोच हिशेब आजही सुटलेला नाही.

या हिशेबात सर्वांत मोठा घोटाळा करते ती तिथी. रेल्वेचे वेळापत्रक तारखेने चालते, पालखी तिथीने. देहूहून तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस आणि आळंदीहून माउलींची अष्टमीस प्रस्थान ठेवते. आषाढी एकादशी २०२४ साली १७ जुलैला आली, २०२५ साली ६ जुलैला, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साली एकदम २५ जुलैला. गतवर्षीच्या तारखेवर विसंबून रजेचा अर्ज देणारा मनुष्य यात हमखास फसतो. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आली आहे. तेव्हा पंचांग चैत्रातच उघडावे हे बरे.

आता बसावे कोठे? दादरला पुण्याच्या बहुतेक गाड्या थांबतात आणि पश्चिम व मध्य दोन्ही लोहमार्ग तेथे भेटतात, म्हणून सगळी मुंबई दादरकडे वळते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील फलाटांचे क्रमांक बदलले. मध्य रेल्वेचे फलाट आता आठपासून पुढे मोजले जातात. जुन्या क्रमांकाच्या आठवणीवर चालणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढे सांगून ठेवणे आवश्यक आहे. तथापि आरक्षण नसेल तर दादरचा मोह टाळावा. लालबागच्या माणसाने चिंचपोकळीहून किंवा करी रोडहून लोकलने उलट्या दिशेस जावे, गिरगावकराने तर बसने सरळ बोरीबंदरच गाठावे आणि गाडी सुटते तेथूनच जागा धरावी. दादरला उभे राहावयासही जागा मिळेल याची शाश्वती नाही. चुकून पासधारकांच्या डब्यात शिरल्यास खांद्यावरची पताकाही उपयोगी पडत नाही! रस्त्याने जाणाऱ्यांना दादरहून पुण्याच्या बसगाड्यांची सोय आहे. आषाढाच्या तोंडावर घाटात दरड कोसळून रेल्वे खोळंबते तेव्हा ती विशेष उपयोगी पडते. २०१९ च्या पावसाळ्यात असा खोळंबा वारंवार झाला होता.

उतरावे कोठे, हा प्रश्न याहून नाजूक आहे. आळंदीस रेल्वे नाही. पुणे किंवा शिवाजीनगर येथे उतरून शहराच्या बसने पुढे जावे लागते, आणि प्रस्थानाच्या दिवशी वाहने गावाबाहेरच अडविली जात असल्यामुळे शेवटचा पल्ला पायीच कापावा लागतो. देहूसाठी देहूरोड स्थानक आहे, पण तेथून गाव सहा-सात किलोमीटर दूर. शिवाय जलद गाड्या तेथे थांबत नसल्याने लोणावळ्यास पुण्याची लोकल धरावी लागते. त्यापेक्षा एक सोपा मार्ग जाणकार सांगतात. तुकोबांच्या पालखीचा देहूनंतरचा पहिला मुक्काम आकुर्डीस असतो, आणि आकुर्डीस त्याच लोकलचे स्थानक आहे.

नवमीस दोन्ही पालख्या पुण्यात येतात, दशमीस विसावतात आणि एकादशीस निघतात. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत उतरते. ज्यांना प्रस्थान साधत नाही त्यांनी येथे सामील व्हावे. मात्र आपल्या दिंडीचा क्रमांक, ती रथापुढे आहे की रथामागे, आणि तिचा उतारा कोणत्या वाड्यात, शाळेत किंवा धर्मशाळेत आहे, एवढे मुंबई सोडण्यापूर्वीच लिहून घ्यावे. पुण्याच्या त्या गर्दीत ‘आमची दिंडी कोठे’ असे विचारीत फिरणाऱ्याला उत्तर देणारे पुष्कळ भेटतात, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते.

चार-पाच दिवसांचीच रजा असणाऱ्यांसाठी लोहमार्गाने आणखी एक सोय करून ठेवली आहे. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद हे माउलींच्या वाटेवरील गाव पुणे–मिरज मार्गावरील स्थानकेही आहेत. सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत, तेव्हा नीट चौकशी करूनच तिकीट काढावे. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला लोणंद विशेष जवळचे. नीरा नदी ओलांडून पालखी तेथे येते तेव्हा त्याच्या गावचीच मंडळी वाटेवर उभी असतात. सासवड रोड या स्थानकाला मात्र नावावरून भुलू नये. ते दिवेघाटाच्या अलीकडे, फुरसुंगीजवळ आहे. सासवडचा मुक्काम घाटापलीकडे. पालखी गाठावयाची म्हणून तेथे उतरणाऱ्याला आधी तो सबंध घाट चढावा लागतो.

आणि ज्याला रजा मुळीच मिळाली नाही, तो एकादशीच्या पहाटे वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे निघतो. परळ-लालबागहून तेथपर्यंत जावयास तिकिटाची देखील गरज नाही. रांग तेवढी मोठी असते.