प्लॉट घेताना : गावचा दलाल की मोठी कंपनी?

आपल्या समाजात शहरात घर घेणारी पहिली पिढी नोकरदारांची. वडील खेड्यात कुडाच्या घरात राहिले, मुलगा शिकून शिक्षक झाला, महसूल खात्यात किंवा एस.टी.त लागला, वीस-पंचवीस वर्षे भाड्याच्या खोलीत नाहीतर सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती येताच अमरावतीला किंवा अकोल्याला प्लॉट शोधू लागला. आता तिशीतील मुले-मुलीही गृहकर्ज काढून घर घेत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु ज्या व्यवहारात आयुष्याची कमाई एका दिवसात दुसऱ्याच्या हाती जाते, तो व्यवहार कोणामार्फत करावा याचा विचार आपण लग्नातील आचारी ठरवताना करतो तेवढाही करीत नाही. आम्ही बँकेत नोकरी करतो. गृहकर्जाची प्रकरणे आमच्या टेबलावरून जातात. त्यावरून जे ध्यानात आले ते येथे मांडत आहोत.

आपल्याच शहरातील, स्वतंत्रपणे काम करणारा दलाल गाठावा की मोठ्या कंपनीच्या कार्यालयात जावे? आमचे मत स्थानिक दलालाच्या बाजूचे आहे. मात्र त्याला अटी आहेत, त्या पुढे येतील.

कंपनीच्या कार्यालयात गारवा असतो, रंगीत माहितीपत्रक मिळते, पैशाची पावती लगेच मिळते. यात वाईट काही नाही. नव्या मोठ्या गृहप्रकल्पातील फ्लॅट हवा असेल तर बहुधा तेथेच जावे लागते. परंतु समोर बसलेला तरुण पगारदार असतो. त्याला महिन्याचे टार्गेट असते आणि विकायला त्याच कंपनीचे प्लॉट असतात. यापेक्षा बरा प्लॉट दुसरीकडे आहे काय, असे त्याला विचारले तर तो बिचारा काय सांगणार? वर्षभराने त्याची बदली होते आणि तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला एक टेलिफोन नंबर दिला जातो. स्वतंत्र दलाल चार ले-आऊट दाखवू शकतो आणि पाचव्यात पडू नका, असेही सांगू शकतो. त्याची खोली राजापेठेत नाहीतर जठारपेठेत असते. व्यवहार बिघडला तर तो दुसऱ्या दिवशी चौकात भेटतो, आणि हे त्यालाही ठाऊक असते.

शिवाय वऱ्हाडची जमीन माहितीपत्रकावरून कळत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया नीट घेतला नाही तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथे बोअरला पाणी लागते, पण ते खारे. जाहिरातीत 'मुबलक पाणी' असे छापले तर ते खोटेही म्हणता येत नाही! २०२१ च्या जुलैत अकोल्यात अतिवृष्टी झाली तेव्हा मोर्णेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. कोणत्या प्लॉटच्या जागी पूर्वी नाला वाहत होता, कोणत्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर येतो, हे त्याच भागात वीस वर्षे फिरलेला माणूसच सांगू शकतो. अकोला महापालिकेची हद्द २०१६ साली वाढली आणि मलकापूर, शिवणी, खडकी यांसारखी लगतची गावे शहरात आली. कागदावर ती शहरात आली खरी, पण नळ आणि नाली कोणत्या कोपऱ्यापर्यंत पोचली ते स्वतः पाहावे लागते, नाहीतर माहीतगाराकडून ऐकावे लागते.

आणखी एक गोष्ट. जुना प्लॉट किंवा शेतजमीन विकणाऱ्याच्या घरात वारस किती, बहिणी किती आणि कोठे दिल्या आहेत, हे दलालाला पक्के ठाऊक असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. परतवाड्याला दिलेल्या बहिणीची सही राहून गेली तर खरेदीनंतर दावा उभा राहतो. चांगला दलाल आधी बहिणींची चौकशी करतो, भावाचा चहा नंतर घेतो.

आता ज्या विषयावर आपण आपसांत बोलतो पण लिहीत नाही, तो आडनावाचा. १९१७ साली बडोद्यात, परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आज कोणी लाठ्या घेऊन येत नाही. आज "प्लॉटचे बोलणे झालेले आहे" असे सांगण्यात येते, आणि तोच प्लॉट पुढच्या महिन्यात विकाऊ असतो. येथे स्थानिक दलाल दोन्ही प्रकारे वागू शकतो. जो चांगला तो मालकाशी आधीच स्पष्ट बोलतो, आपला अपमान आणि हेलपाटा दोन्ही वाचवतो आणि कित्येकदा मालकाचे मनही वळवतो. दुसरा दलाल नाव ऐकताच गाडी आपल्याच वस्तीकडे वळवतो आणि "तुमच्या लोकांत बरे पडेल" म्हणतो. आपल्या लोकांत, विहाराजवळ राहण्याची इच्छा असणे वेगळे आणि तिसऱ्याने ते आपल्यासाठी ठरवणे वेगळे. अशा दलालाला पहिल्याच दिवशी सांगावे की, आमच्या पैशांत बसणारे सर्व ले-आऊट दाखवा. त्याला ते जमत नसेल तर दुसरा पाहावा.

माणूस ओळखीचा असला की झाले, असेही नव्हे. पर्ल्स या नावाने ओळखली जाणारी पी.ए.सी.एल. कंपनी आठवावी. जमीन देण्याच्या नावावर तिने देशभरातील लहान लहान लोकांकडून हप्ते गोळा केले. २०१४ साली सेबीने तिला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परतफेडीसाठी माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे पैसे गोळा झाले ते गावोगावच्या एजंटांमार्फत. एजंट आपल्या गल्लीतला होता, पण जमीन गल्लीतली नव्हती आणि ती कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. आम्ही स्वतंत्र दलाल म्हणतो तो हा नव्हे.

म्हणून कागद पाहावेतच. २०१६ चा रेरा कायदा मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर नवे प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे करावी लागते. अशा प्रकल्पातील प्लॉट विकून देणाऱ्या एजंटलाही, मग तो एकटा असो की कंपनी, नोंदणी बंधनकारक आहे. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. परंतु एका मालकाकडून दुसऱ्याने घेतलेला जुना प्लॉट या कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि आपले बरेच व्यवहार याच प्रकारचे असतात. तेथे इसार थोडाच द्यावा, चेकने द्यावा आणि लेखी द्यावा. सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार, मंजूर नकाशा आणि वकिलाचा शोध अहवाल हाती आल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नये. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे असेल तर थांबावे, कारण अशी जमीन विकण्यास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेताचे गुंठे पाडून विकलेला प्लॉट स्वस्त का आहे हे कळायचे असेल तर तो घेऊन कर्जासाठी बँकेत यावे. (न घेता आलात तर आणखी चांगले.)

दलालीबद्दल संकोच नको. एक किंवा दोन टक्के जे काय ठरेल ते पहिल्याच दिवशी ठरवावे आणि विकणाऱ्याकडूनही तो घेणार आहे काय हे विचारून घ्यावे. भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. दलाली त्यात नाही. मात्र सिगालोवाद सुत्तात मित्राच्या रूपातील शत्रूंची जी लक्षणे दिली आहेत, त्यांतील तोंडावर गोड बोलणारा आणि नुसते घेतच राहणारा हे दोघे प्लॉट दाखवायला हमखास येतात.

विद्यार्थी मित्रांसाठी शेवटी एक माहिती. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. ते प्रमाणपत्र मिळाल्यावर नोंदणी होते आणि ती पाच वर्षे चालते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना हा अभ्यास जड नाही. सातबारा वाचता येणारी, गाव माहीत असलेली आणि आडनाव न विचारता सर्व ले-आऊट दाखवणारी दहा-बारा मुले-मुली अमरावती-अकोल्यात या व्यवसायात उतरली तर त्यांना गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही. आमच्याच टेबलावर दर आठवड्याला दोघे-तिघे येऊन विचारतात की, साहेब, भरवशाचा कोणी माहीत आहे काय?