सल्ला-व्यवसाय: क्षेत्र कसे निवडाल?

नोकरीतला अनुभव गाठीशी आहे आणि सल्लागार म्हणून स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे? मग आधी क्षेत्र नीट निवडा.

मागणी पाहा. लोक तुमच्याकडे कशाबद्दल विचारायला येतात? त्यासाठी ते पैसे मोजतील का? केवळ ‘व्यवसाय सल्लागार’ म्हणण्यापेक्षा ‘लहान दुकानांचे हिशेब आणि जीएसटी विवरणपत्रे’ असे नेमके काम सांगा. ते ग्राहकाला लगेच समजते.

नियम तपासा. शेअर किंवा म्युच्युअल फंडाबाबत फी घेऊन गुंतवणूक सल्ला द्यायचा असेल, तर सेबीची नोंदणी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपुढे (काही राज्यांत 10 लाख) गेली, की जीएसटी नोंदणी करावी लागते.

आधी चाचपून पाहा. नोकरीच्या अटींत बसत असेल, तर राजीनाम्यापूर्वीच फी देणारे दोन-तीन ग्राहक मिळवा. कुणीच फी द्यायला तयार नसेल, तर क्षेत्राचा फेरविचार करा.

बचत सांभाळा. किमान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा. मुदत ठेव मोडून कार्यालय थाटू नका. सुरुवात घरूनही करता येते.