पिठ्या ढेकूण : न उडणाऱ्या किडीचा प्रवास

पपईच्या पानांमागे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की कोणते औषध फवारावे, अशी विचारणा होते. कीड बागेत आली कशी, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. पपईवरील पिठ्या ढेकणाच्या बाबतीत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

ही कीड मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. भारतात ती २००८ मध्ये कोईमतूर येथे प्रथम आढळली आणि २०१० मध्ये पुणे परिसरात तिची नोंद झाली. या किडीच्या मादीला पंख नसतात. मग एवढा पल्ला तिने कसा गाठला?

प्रसार कसा होतो?

मादी मेणचट पांढऱ्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्यांतून निघणारी पिले अत्यंत बारीक, पिवळसर व चपळ असतात. ती वाऱ्याने आणि पाण्याने पसरतात, तसेच कपडे, पाट्या, क्रेट व अवजारे यांना चिकटून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. लांबचा प्रवास मात्र किडकी रोपे व फळे वाहून नेणाऱ्या गाड्यांतून होतो. चिकट गोड स्रावाच्या लोभाने मुंग्याही या किडीला जपतात व तिच्या प्रसाराला मदत करतात.

कोणती काळजी घ्यावी?

१. रोपे घेताना शेंडा व पानांची मागील बाजू तपासावी. शंकास्पद रोपे बागेत आणू नयेत.

२. तोडणी स्वच्छ ओळींपासून सुरू करावी. प्रादुर्भाव असलेल्या ओळी शेवटी घ्याव्यात.

३. बाहेरून आलेले क्रेट धुऊन वापरावेत. माल भरण्याची गाडी बागेत न आणता रस्त्यालगत उभी करावी.

४. किडके शेंडे व फळे पिशवीत भरून बाहेर काढावीत व जाळावीत. बांधावर किंवा पाटात टाकू नयेत.

५. बागेभोवतीचे गाजर गवत काढावे. जास्वंदीच्या झाडांवरही लक्ष ठेवावे, कारण ही कीड दोन्हींवर जगते.

मित्रकीटक सांभाळा

बंदोबस्तासाठी २०१० मध्ये पोर्टो रिको येथून ॲसेरोफॅगस पपये हा परोपजीवी कीटक भारतात आणण्यात आला. तो ढेकणाच्या शरीरात अंडी घालतो. असे ढेकूण फुगून तपकिरी, टणक होतात. पुढे त्यांना बारीक छिद्र पाडून नवा मित्रकीटक बाहेर पडतो. पुंजक्यात असे ढेकूण दिसल्यास तेथे रासायनिक फवारणी टाळावी, अन्यथा मित्रकीटक मरतात आणि मेणाच्या आवरणाखालील ढेकूण बऱ्याच प्रमाणात वाचतात.

थोडक्यात, पिठ्या ढेकूण स्वतः फार दूर जात नाही. आपणच त्याला पोहोचवतो. एका बागेतील निष्काळजीपणाची किंमत शेजारच्या बागांनाही मोजावी लागते. म्हणून गावातील पपई उत्पादकांनी ही काळजी मिळून घेतल्यास फवारणीचा बराच खर्च वाचेल.