गिटारची घोडी आणि आपल्या मुलांचे हात



इकडे आयर्लंडमध्ये मुले ट्रान्झिशन इयरला आली की शाळेत बँड निघतो आणि घरात एक मागणी हमखास येते, "मला इलेक्ट्रिक गिटार हवी!" आमच्याकडेही आली. आम्ही जुनी पण चकचकीत, दांडीवाली गिटार घेऊन दिली. पहिली तार सुरात लावावी तर सहावीपर्यंत जाईतो पहिली उतरलेली. पुन्हा लावावी तर बाकीच्या बिघडलेल्या. दोन आठवडे झगडून चिरंजीव म्हणाले, "बाबा, मला सूरच कळत नाही." आणि गिटार कोपऱ्यात गेली.

पुढे एका जाणकार शिक्षकांनी ती उलटी करून मागचे झाकण उघडले, आत लाकडाचा एक तुकडा ठोकून बसवला आणि म्हणाले, "आता लाव." गिटार सुरात राहिली! दोष पोराच्या कानाचा नव्हताच, गिटारच्या ब्रिजचा होता. कानाला सूर कळत होता म्हणूनच तर त्याला त्रास होत होता. दुसऱ्या कोणाच्या घरी असे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

ब्रिज म्हणजे आपली घोडी

तंबोरा किंवा सतार घरात पाहिलेल्यांना घोडी माहीत असते. तारा तिच्यावरून जातात आणि तिथून कंप भोपळ्यात उतरतो. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा जीव जरासा सरकवला की आवाज कसा खुलतो! मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या कारागिरीतही घोडीची जवारी काढणे हे मोठे कसबाचे काम मानतात. इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज म्हणजे हीच घोडी. फरक इतकाच की ती धातूची असते, प्रत्येक तारेला बसायला छोटी बैठक (सॅडल) असते आणि काही गिटारींत ती चक्क हलते.

वाजवणाऱ्याचा उजवा हात याच घोडीपाशी विसावतो. त्यामुळे ती उंच की बुटकी, गुळगुळीत की टोचणारी, घट्ट की हलती, यावर हाताचे सुख आणि वाजवण्याची रीत दोन्ही ठरतात.

पहिला प्रकार: स्थिर ब्रिज

यात दोन घराणी आहेत. फेंडरच्या टेलिकास्टरचा ब्रिज १९५०च्या सुमारास आला. त्याची पत्र्याची पट्टी लाकडावर स्क्रूने घट्ट बसवलेली असते आणि तारा गिटारच्या पाठीतून वर येतात. हा ब्रिज बुटका असल्यामुळे तळहात लाकडाच्या जवळ राहतो. जुन्या पद्धतीच्या पट्टीच्या कडा मात्र वर वळलेल्या असतात आणि त्या काहींच्या तळव्याला रुततात.

दुसरे घराणे गिब्सनचे. त्यांचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज १९५४ साली लेस पॉल कस्टमवर आला. हा दोन खांबांवर उभा असतो आणि तारा मागच्या वेगळ्या आडव्या दांडीत अडकवतात. गिटारची मान मागे कललेली असल्याने ब्रिज उंच असतो. ज्यांना तळहात ब्रिजवरच टेकवायची सवय आहे त्यांना तो सोयीचा वाटतो. करंगळी लाकडावर टेकवून वाजवणाऱ्यांना मात्र हात अधांतरी राहिल्यासारखा वाटतो.

इथे १९५२च्या पहिल्या लेस पॉलची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्या तारा आडव्या दांडीच्या वरून न जाता खालून गुंडाळलेल्या होत्या. त्यामुळे तळहाताने तारा हलकेच दाबून 'ढुक ढुक' असा बंद आवाज काढणे (ज्याला पाम म्यूट म्हणतात) फार अवघड जाई. तारांवर हात ठेवायला जागाच नव्हती. थोड्याच काळात ती रचना बदलावी लागली. म्हणजे घोडीने तंत्रच अडवले होते!

स्थिर ब्रिजचा मोठा गुण म्हणजे तो बिघडायला फारसे काही नसते. एक तार खेचली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात. बेलफास्टचे गॅरी मूर (१९५२–२०११) १९५९च्या लेस पॉलवर वाजवत. त्यांचा तो लांबलचक थरथरता सूर डाव्या हाताच्या बोटांतून यायचा, दांडीतून नव्हे. आपल्याकडे सतारीवर तार खेचून मींड घेतात, तोच हा मार्ग.

दुसरा प्रकार: स्प्रिंगवर हलणारा ब्रिज

१९५४ साली लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडली. तिचा ब्रिज पुढच्या कडेवर झुलतो. एका बाजूने तारा ओढतात, पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंग दुसऱ्या बाजूने ओढतात. अगदी तराजूसारखे! दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो, सोडली की परत येतो. याला 'ट्रेमोलो' म्हणायची पद्धत पडली आहे, पण ते नाव चुकीचे आहे. आवाज लहान-मोठा होणे म्हणजे ट्रेमोलो आणि सूर वर-खाली होणे म्हणजे व्हायब्रॅटो.

तराजूचे पारडे ध्यानात ठेवले की पुढचे सारे आपोआप उलगडते:

- एक तार खेचली की ओढ वाढते, ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. शिवाय हवा तो सूर गाठायला बोटाला जास्त खेचावे लागते.
- तळहात जोरात ब्रिजवर टेकला तर ब्रिज मागे जातो आणि सगळे सूर चढतात. पाम म्यूट करताना हात हलका ठेवावा लागतो.
- एक तार तुटली तर स्प्रिंगचे पारडे जड होते आणि उरलेल्या पाचही चढतात. ऐन कार्यक्रमात हे झाले तर संपलेच!
- सूर लावताना एक तार ताणली की दुसऱ्या उतरतात. आमच्या घरी झाले ते हेच.

यावर सोपा उपाय आहे. स्प्रिंग घट्ट करून ब्रिज लाकडाला टेकवून ठेवायचा. मग दांडीने सूर फक्त उतरवता येतो, चढवता येत नाही, पण गिटार बरीच स्थिर राहते. त्याहून पक्के करायचे तर आत लाकडाचा तुकडा बसवून ब्रिज पूर्ण बंद करायचा.

आणि गंमत पाहा, हा उपाय करणारे आयर्लंडचे सर्वांत लाडके गिटारवादकच होते! डॉनिगलमधल्या बॅलीशॅननला १९४८ साली जन्मलेल्या आणि कॉर्कमध्ये वाढलेल्या रोरी गॅलाहर यांनी १९६३ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, कॉर्कच्या क्राउलीज दुकानातून १९६१ची स्ट्रॅटोकास्टर शंभर पौंडांना हप्त्यांवर घेतली. दांडीचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून ब्रिज लाकडाने बंद करून टाकला. जन्मभर तीच गिटार वाजवली. रंग उडून लाकूड दिसू लागले तरी सोडली नाही. १९९५ साली ते गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्समध्ये तिचा लिलाव झाला, ८,८९,४०० पौंडांना ती विकली गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठीच ती घेतली गेली. डब्लिनच्या टेंपल बारमध्ये भिंतीवर लावलेली त्यांची ब्राँझची गिटार आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पुढच्या वेळी मुलांना दाखवा आणि सांगा, एवढ्या मोठ्या माणसानेही घोडी बांधून ठेवली होती, त्यात कमीपणा नाही.

या ब्रिजची दुसरी बाजूही सांगायला हवी. डब्लिनमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचे केव्हिन शील्ड्स यांनी दांडी हातात धरूनच तारा छेडायची रीत काढली. त्यासाठी त्यांनी फेंडर जॅझमास्टरसारख्या गिटारी वापरल्या. तिची दांडी लांब आणि चाल मऊ असते. १९९१च्या 'लव्हलेस' या अल्बममधले ते लाटांसारखे हेलकावणारे सूर त्यातूनच आले. एकाला जी अडचण, ती दुसऱ्याची शैली झाली.

तिसरा प्रकार: कुलूपबंद तरंगता ब्रिज

१९७०च्या दशकाच्या शेवटी फ्लॉइड रोझ यांनी तारांना दोन्ही टोकांना कुलूप घातले. मानेच्या वरच्या टोकाशी एक आणि ब्रिजमध्ये एक. त्यामुळे दांडी कितीही हाणली तरी तारा सरकत नाहीत आणि सूर परत जागेवर येतो. ब्रिज दोन टेकूंवर तरंगत असल्याने सूर वरही नेता येतो. शिवाय ब्रिजमागे बोटांनी फिरवायचे बारीक स्क्रू असतात.

पण तार बदलायची म्हणजे षटकोनी चावी घेऊन कुलपे उघडा, नवी तार लावा, पुन्हा समतोल साधा. सहावी तार एक सूर उतरवून वाजवायची हौस आली तर सगळाच तराजू बिघडतो. नवशिक्याची अर्धी संध्याकाळ यातच जाते. जड रॉक वाजवण्याचे वेड असेल तरच याच्या वाटेला जावे.

बिग्सबी नावाचा आणखी एक हलता प्रकार आहे. त्याची मोठी दांडी दिसायला देखणी आणि चाल हळुवार, पण गिटारचे वजन वाढते आणि तारा अडकवणे किचकट होते.

हातासाठी आणखी दोन मापे

जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटच्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेत सुमारे ५६ मिलिमीटर अंतर असते, नव्या पद्धतीच्या पुष्कळ ब्रिजवर सुमारे ५२. एकेक तार वेगळी छेडणाऱ्याला मोकळी जागा बरी, छोट्या हातांना अरुंद बरी. तसेच फेंडरच्या तारेची वाजती लांबी साधारण ६४८ मिलिमीटर, गिब्सनची ६२८. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर आखूड लांबीला ताण सुमारे सहा टक्के कमी पडतो. कोवळ्या बोटांना तेवढाही फरक जाणवतो.

दुकानात काय पाहावे?

१. गिटार बाजूने धरून ब्रिजची पट्टी पाहा. ती लाकडाला समांतर हवी. मागून बरीच उचललेली असेल तर समतोल बिघडलेला असू शकतो.
२. मुलाला तळहात ब्रिजवर टेकवून पाच मिनिटे वाजवू द्या. स्क्रूची टोके टोचतात का? मनगट मुरडते का?
३. सहावी तार वाजत ठेवून तिसरी खेचायला सांगा. सहावी उतरली तर ब्रिज तरंगता आहे.
४. दांडी असेल तर दाबून सोडा आणि सूर परत आला का ते ऐका.
५. जुनी गिटार असेल तर सॅडलचे स्क्रू गंजलेले नाहीत ना, ते पाहा. इथली दमट हवा आपल्या कोकणाइतकीच धातूला वाईट. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा आणि ब्रिज पुसायची सवय लावा.

पहिल्या गिटारसाठी आमचे मत विचाराल तर स्थिर ब्रिज, किंवा टेकवून ठेवलेला स्ट्रॅटचा ब्रिज. दांडी नंतर केव्हाही मोकळी करता येते. मनगट सतत दुखत असेल तर मात्र ब्रिजला दोष देत बसू नका, शिक्षकांना बसण्याची पद्धत दाखवा आणि तरीही दुखले तर डॉक्टरांकडे जा.

आमच्या चिरंजीवांच्या गिटारमध्ये तो लाकडाचा तुकडा अजून तसाच आहे. काढायचा का, असे मध्यंतरी विचारले तर म्हणाले, "राहू दे, रोरीचाही होता!"

तुमच्याही घरात एखादी गिटार कोपऱ्यात रुसून बसली असेल, तर पोराला रागावण्याआधी तिचे मागचे झाकण एकदा उघडून पाहा.