सुरतेत झोप शोधताना

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण लहानपणापासून आपल्या कानावर पडलेली असते. दमलेल्या माणसाला दगडावरही झोप लागते, असा तिचा अर्थ. माझे माहेर निपाणीचे, तिथे आई हीच म्हण सांगायची. सासर गोकाकचे. तिथे सासूबाई दुसरी सांगतात, ‘चिंते इल्लदवनिगे संतेयल्लू निद्दे’. ज्याला चिंता नाही, त्याला भर बाजारातही झोप लागते. दोन्ही म्हणी अनुभवाच्याच आहेत. पण ज्याची झोप उडाली आहे त्याला त्या ऐकवल्या की त्यांचा सूर बदलतो. एक म्हणते, तू पुरेसा दमत नाहीस. दुसरी म्हणते, तू उगाच काळजी करतोस. दोन्हीकडून दोष त्याचाच! मग असा माणूस मदत मागायला जाईल कशाला?

हा प्रश्न मला परमुलखात, सुरतेत पडला. माझे यजमान तिथल्या पांडेसरा भागात एका कापड रंगवण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर आहेत. आम्ही उधन्याला राहतो. सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० ही शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांची साले आठवतात. आजची सुरत मात्र कृत्रिम धाग्याच्या साड्यांची आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याची. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची इतकी मंडळी आहेत की भाजीवालीशी मराठीतच घासाघीस होते. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. मागांवर बहुतेक कामगार ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचे. इचलकरंजी किंवा बेळगावच्या वडगाव-खासबागची मागाची खटखट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना इथला आवाज नवा वाटणार नाही. पण इथे पाळी १२ तासांची, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ७. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच खोलीत, त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन आडवा होतो.

आमच्याकडेही पाळी दर आठवड्याला बदलते. दिवसपाळी असली की डब्यासाठी मी पहाटे साडेचारला उठायचे, रात्रपाळी असली की सकाळी साडेसातला त्यांचे जेवण. पहिली काही वर्षे हे निभावले. मग गेल्या वर्षी दोघांचेही बिनसले. मी रात्री एक-दोनपर्यंत छताकडे बघत पडायचे. हे मात्र पाठ टेकताच घोरू लागायचे, सात-आठ तास झोपायचे आणि तरी उठल्यावर डोके जड, चिडचिड. एका सकाळी रात्रपाळीहून परतताना त्यांना दुचाकीवरच डुलकी लागली. गाडी दुभाजकाला घासून थांबली म्हणून निभावले. त्या दिवशी ठरवले, आता नुसते सोसायचे नाही.

जवळच्या एका औषध दुकानात मी चौकशी केली. दुकानदाराने काही न विचारता गोळ्यांची पट्टी पुढे केली. “बेन, रोज एक लो, दोघांनी घेतली तरी चालेल.” डॉक्टरांची चिठ्ठी नको का, असे विचारताच तो हसला. मी पट्टी तिथेच ठेवून आले. वाचकहो, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी झोपेची औषधे २०१४ पासून ‘एच-१’ या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विकली की दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची असते. हा नियम का आहे, ते आम्हाला पुढे आमच्याच घरात कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीतल्या गुजराती डॉक्टरांकडे गेलो. मी मोडक्या हिंदीत सांगितले, “दोघांनाही झोपेचा त्रास है.” ते म्हणाले, “असे नाही चालणार. तीन प्रश्नांची उत्तरे द्या. झोप लागत नाही, की लागते पण टिकत नाही, की भरपूर झोपूनही पुरत नाही?” आणि यजमानांकडे वळून त्यांनी विचारले, “नसकोरां बोलावे छे?” मला वाटले नाकाचे काही विचारत आहेत. तिथल्या खानदेशी सिस्टरनी सांगितले, “ताई, घोरतात का असं विचारताहेत.” मराठीत घोरणे, कन्नडमध्ये गोरके, गुजरातीत नसकोरां!

आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण. सासूबाई तर कौतुकाने सांगतात, याचे वडीलही असेच, ओसरीवर झोपले तरी गल्लीभर ऐकू जायचे. पण मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून पुन्हा दचकून सुरू होणे आणि दिवसा पेंगणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली तर तो ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. हे रात्रभर चालते, पण झोपणाऱ्याला सकाळी काही आठवत नाही. म्हणून साक्ष शेजारी झोपणाऱ्याची घ्यावी लागते. छातीच्या विकारांच्या डॉक्टरांनी यजमानांची झोपेची तपासणी सांगितली. बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा लावून एक रात्र घरीच झोपायचे. अशा अडथळ्यांची संख्या तासाला ५ च्या वर गेली की आजाराची शंका घेतात, ३० च्या वर गेली की आजार तीव्र समजतात. यजमानांचा आकडा ३४ निघाला.

आता त्या पट्टीचा विचार करा. झोपेच्या अनेक गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात, मेंदूची जागे करण्याची ताकद कमी करतात. ॲप्नियाच्या रुग्णाला त्या जिवावर बेतू शकतात. ‘दोघांनी घेतली तरी चालेल’ या सल्ल्याचे मोल किती असते, ते त्या अहवालाने दाखवून दिले. यजमानांना वजन उतरवायला आणि कुशीवर झोपायला सांगितले, आणि नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारे ‘सी-पॅप’ यंत्र दिले. ते आम्ही आधी महिनाभर भाड्याने घेऊन पाहिले. दिवसा झोपतानाही ते लावायचे असते. पहिले आठ दिवस त्यांनी कटकट केली, नंतर मात्र स्वतःच शोधून लावू लागले.

माझे दुखणे वेगळे होते. आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, तर तो जुनाट निद्रानाश. डॉक्टरांनी मला मानसोपचार विभागात जायला सांगितले, तेव्हा पोटात गोळा आला. आमच्या भागात ‘धारवाडला न्यायला हवं’ या वाक्याचा काय अर्थ घेतात, ते तुम्हाला सांगायला नकोच. पण तिथे कोणी मला वेडी म्हटले नाही. दोन आठवडे एक वही लिहायला सांगितली. कधी आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठले, चहा किती. मी ती मराठीतच लिहिली.

वहीवरून जे उपचार ठरले त्यांना ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ म्हणतात. निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हे, ही थेरपी असावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये केली. तिचे नियम ऐकायला सोपे, पाळायला कठीण. उठण्याची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. डोळे मिटू लागल्यावरच अंथरुणावर जायचे. वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे. घड्याळ बघायचे नाही. दुपारनंतर चहा बंद. अंथरुणावर मोबाइल, हिशेब, भाजी निवडणे काहीच नाही. दिवसपाळीचा डबा मी रात्रीच अर्धा तयार ठेवू लागले, यजमान सकाळी स्वतः भरून घेऊ लागले. माझी उठण्याची वेळ साडेसहा अशी कायम झाली. सुमारे सहा आठवड्यांत फरक पडला. अंथरुणात घालवायची वेळ कमी करण्याचा भाग मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा, विशेषतः वाहन चालवणाऱ्यांनी आणि फिट्स येणाऱ्यांनी.

पाळीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि त्याला किल्ली देतो तो प्रकाश. शरीरातली ही घड्याळे पेशींमध्ये कशी चालतात, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. रात्रपाळीचा माणूस सकाळी ७ ला उन्हात बाहेर पडतो, तेव्हा हे घड्याळ सांगते, ऊठ! म्हणून कष्ट करून दमलेल्यालाही झोप येत नाही. आळसाचा किंवा चिंतेचा इथे संबंधच नाही. खिडकीला जाड काळा पडदा, मोबाइल बंद, पाळीच्या उत्तरार्धात चहा नाही, पाळीवर जाण्याआधी तासभर डुलकी, एवढ्यानेही बराच फरक पडतो. आणि डोळे मिटत असतील तर दुचाकी नको, रिक्षा करा.

मदत कुठे मिळते? सुरतेत महापालिकेचे ‘स्मीमेर’ आणि मजुरा गेटजवळचे सरकारी नवे सिव्हिल, ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. दुसऱ्या कोणत्याही शहरात असाल तर तिथले सरकारी किंवा महापालिकेचे रुग्णालय गाठा. घोरण्याचा त्रास असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीचा विभाग, झोप लागत नसेल तर मानसोपचार विभाग. भाषेची अडचण वाटली तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती २४ तास चालते आणि मराठी, कन्नड, गुजराती या तिन्ही भाषांत बोलता येते. झोपेबरोबर मन खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर क्षणभरही थांबू नका, लगेच फोन करा. आणि आधीच कोणी झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर त्या एकदम बंद करू नका. फिट्स येण्याचाही धोका असतो. डॉक्टरच त्या हळूहळू कमी करतात.

शेवटी, ज्यांची मुले-सुना पुणे, बेंगळुरू, सुरत किंवा आखातात आहेत त्यांच्यासाठी. रात्री साडेदहाला फोन करून आपण विचारतो, “जेवलास का? ऊटा आतेन?” त्यात आणखी एक प्रश्न घाला, “झोप झाली का? निद्दी आतेन?” ‘नाही’ असे उत्तर आले तर म्हण सांगू नका. लागत नाही, टिकत नाही, की पुरत नाही, एवढे विचारा. आणि हो, रात्रपाळी करणाऱ्याला हा फोन दुपारी बाराला करू नका!