धरणग्रस्तांच्या मनाची मोजदाद

ट्रोम्सो (नॉर्वे) : या देशात घराघरांत जळणारी वीज मुख्यतः पाण्यापासून येते. आणि पाणी अडवायचं तर कुणाची तरी जमीन बुडते, हे पुणे जिल्ह्यातल्या मुळशीकरांना वेगळं सांगायला नको.

इथे ती पाळी सामी लोकांवर आली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाला पसरलेला हा आदिवासी समाज. रेनडियरचे कळप राखणं आणि मासेमारी हे त्यांचे जुने व्यवसाय. आल्टा नदीवरच्या धरणाचा पहिला आराखडा आला तेव्हा मासी हे त्यांचं गावच पाण्याखाली जाणार होतं. विरोधामुळे गाव वाचलं, पण धरण लहान होऊन परत आलं. 1979 मध्ये सामी तरुण ओस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. जानेवारी 1981 मध्ये साखळ्यांनी एकमेकांना बांधून घेतलेल्या आंदोलकांना शेकडो पोलिसांनी उचलून नेलं. 1987 मध्ये प्रकल्प सुरू झाला.

धरण झालंच, पण त्या लढ्याच्या रेट्याने 1988 मध्ये सामींच्या भाषा-संस्कृतीला राज्यघटनेत स्थान मिळालं आणि 1989 मध्ये त्यांची स्वतःची निवडून दिलेली संसद उभी राहिली.

मला मोलाचं वाटतं ते यानंतरचं काम. शंभरेक वर्षं सरकारने सामींना नॉर्वेजियन बनवण्याचं धोरण राबवलं होतं. मुलांना वसतिशाळांत ठेवलं, शाळेतून त्यांची भाषा हद्दपार केली. अनेक कुटुंबांनी आपण सामी आहोत हे पोटच्या मुलांपासूनही लपवलं. याचा मनावर काय परिणाम झाला, हे शोधायला इथल्या विद्यापीठाच्या सामी आरोग्य संशोधन केंद्राने 2003-04 मध्ये ‘सामिनोर’ पाहणी केली. ज्यांची सामी ओळख ठळक, त्यांच्या वाट्याला भेदभाव कित्येक पटींनी जास्त आल्याचं तीत दिसलं. भेदभाव सोसणाऱ्यांत मानसिक ताणही जास्त होता. कारास्योक गावी आज सामींसाठी राष्ट्रीय पातळीवरचं मानसिक आरोग्य केंद्र चालतं आणि तिथे रुग्णाला आपल्या भाषेत बोलता येतं.

त्याहून पुढची गोष्ट संशोधनाच्या नियमांची. सामी आरोग्यावर संशोधन करायचं तर एकेका माणसाची संमती पुरत नाही, समाजाचीही लागते, अशी नियमावली सामी संसदेने स्वीकारली. ज्यांच्या दुःखाचा अभ्यास होणार, त्या अभ्यासावर त्यांचाच शब्द चालावा, हा तिचा गाभा.

न्याय मात्र पुरा झालेला नाही. फोसेन भागात सामींच्या रेनडियर चराईच्या जमिनीवर उभारलेल्या पवनचक्क्यांचे परवाने अवैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला, तरी चक्क्या फिरत राहिल्या. 2023 मध्ये तरुणांनी मंत्रालयात ठाण मांडलं, तेव्हा सरकारने माफी मागितली. नोव्हेंबर 2024 मध्ये नॉर्वेच्या संसदेनेही सामींना नॉर्वेजियन बनवण्याच्या जुन्या धोरणाबद्दल क्षमा मागितली.

आता आपल्याकडे पाहू. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह 1921 च्या रामनवमीला सुरू झाला, आल्टाच्या कितीतरी आधी. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळे शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभे राहिले. 1924 पर्यंत लढा मोडला. पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरलं, वीज मुंबईला गेली. नुकसानीचा हिशेब एकर आणि रुपयांत झाला. भाताची खाचरं, देवराया, भावकी यांच्यासोबत मनातून काय गेलं, त्याला त्या हिशेबात रकाना नव्हता.

तो रकाना आता उघडता येईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा हक्क केला आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमातून गावातल्याच माणसांना शेजाऱ्याचं दुःख ऐकायला आणि धीर द्यायला शिकवलं. मुळशीत लवळ्याला विद्यापीठं आहेत. त्यांनी धरणग्रस्तांच्या वारसांकडे आणि कातकरी वाड्यांकडे जावं. आधी ग्रामसभेची संमती घ्यावी, प्रश्न त्यांच्या बोलीत विचारावेत आणि निष्कर्ष छापण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

अन्यायाने आलेल्या ताणावर औषध आणि समुपदेशन लागतंच. पण जमिनीचा आणि मानाचा प्रश्न तसाच ठेवून केलेला उपचार अर्धा राहतो. हे मान्य करायला नॉर्वेला फार वर्षं लागली. मुळशीची तर शंभर वर्षं उलटून गेली आहेत.