समतोल कोणाचा? अमेरिकी फुटबॉल आणि बेसबॉल

अमेरिकेतल्या धंदेवाईक खेळांच्या अर्थकारणात एक शब्दप्रयोग सतत कानांवर येतो : स्पर्धेतील समतोल. श्रीमंत शहराच्या संघाला आणि लहान शहराच्या संघाला जिंकण्याची संधी साधारण सारखी असावी, नाहीतर निकाल आधीच ठरतील आणि प्रेक्षक पाठ फिरवतील, असा तो युक्तिवाद. समतेचे नाव निघाले की आपण पटकन विश्वास ठेवतो. म्हणून तो तपासला पाहिजे. समतोल कोणाकोणात साधायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे दोन प्रश्न त्यात दडपले जातात.

आधी फुटबॉल घेऊ. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, एकमेकांवर आदळण्याचा अमेरिकी खेळ.) लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी मालकांना राजी केले की टेलिव्हिजनचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसा सारखा वाटून घ्यायचा. मक्तेदारीविरोधी कायद्यात हे बसेना, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने १९६१ साली त्यासाठी खास कायदा करून दिला. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे लाखभर वस्तीचे गाव. तिथल्या संघाला एक मालक नाही, सामान्य चाहत्यांचे भाग आहेत, म्हणून त्याचे हिशोब प्रसिद्ध होतात. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात त्याला लीगच्या सामाईक उत्पन्नातून ४० कोटी डॉलरांहून अधिक मिळाले. भांडवलशाहीच्या माहेरघरी मालकांनी आपापसात चालवलेला हा समाजवाद खरा आहे आणि त्यामुळे लहान गावाचा संघ तगला, हे मान्यच केले पाहिजे.

बेसबॉलमध्ये असे नाही. तिथे सामने पुष्कळ, आणि स्थानिक टेलिव्हिजनचा पैसा मुख्यतः ज्याचा त्याचा. लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाने २०१३ साली २५ वर्षांचा करार केला तो ८०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा. लहान शहरांना एवढा पैसा कोण देणार? मग बेसबॉलच्या मालकांनी समतोलाचा उपाय कुठे शोधला? खेळाडूच्या मानगुटीवर.

१८७९ पासून बेसबॉलमध्ये ‘राखीव कलम’ आले. आपल्याकडे ‘राखीव’ या शब्दामागे हक्काचा इतिहास आहे. तिथे खेळाडूच मालकासाठी राखीव होता. करार संपला तरी तो त्याच संघाचा. मालक त्याला विकू शकत होता, बदलून देऊ शकत होता; त्याला स्वतःहून जाता येत नव्हते. वतनाने गावाशी जखडलेल्यांच्या वारसांना ही बेडी ओळखीची वाटेल. खेळाडूला पगार मिळत होता, हा फरक अर्थात लहान नाही. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे असे ठरवून या व्यवस्थेला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळे सोडले.

मालक म्हणत, हे कलम गेले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील. १९५६ साली सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले की कलम असो वा नसो, खेळाडू अखेर जिथे त्याच्यापासून सर्वाधिक कमाई होते तिथेच पोचतो. फरक एवढाच की किंमत खेळाडूच्या खिशात जाते की त्याला विकणाऱ्या मालकाच्या. पुरावा डोळ्यांसमोर होता. कलम पूर्ण जोरात असताना, १९४७ ते १९६२ या १६ वर्षांत न्यूयॉर्क यांकीज १० वेळा अजिंक्य ठरले. हा कसला समतोल?

१९६९ साली सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा हा माणूस. आपण खरेदीविक्रीची मालमत्ता नाही, असे त्याने बेसबॉलच्या प्रमुखांना लिहून कळवले. भरपूर पगाराचा गुलामही गुलामच, हे त्याचे म्हणणे पुष्कळांना झोंबले. खटल्यात जॅकी रॉबिन्सनने साक्ष दिली. मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्या बाजूने न्यायालयात आला नाही. जून १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. विरोधी मत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, त्या न्यायालयातील पहिले काळे न्यायमूर्ती. (ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच वर्षी.) कलम मोडले ते डिसेंबर १९७५ मध्ये, लवादाच्या निर्णयाने. सरासरी पगार १९७६ साली सुमारे ५० हजार डॉलर होता, तो १९९२ मध्ये १० लाखांवर गेला. आणि समतोल? १९७८ ते १९८७ या १० वर्षांत १० वेगवेगळे संघ अजिंक्य ठरले.

फुटबॉलच्या खेळाडूंचे नशीब वेगळे. १९८७ चा त्यांचा संप मालकांनी बदली खेळाडू उतरवून मोडला. पुढे न्यायालयीन लढाईतून संघ बदलण्याचा हक्क मिळाला, पण त्याच्या बदल्यात १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलर. करारही बहुधा पूर्ण हमीचे नसतात : खेळाडू जखमी झाला, मंदावला की उरलेले पैसे बुडतात. बेसबॉलमध्ये सहसा तसे होत नाही. फुटबॉलमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू काळे आहेत. प्रमुख मालक मात्र आजवर एकही काळा झालेला नाही. शिवाय मर्यादा असूनही न्यू इंग्लंडच्या संघाने २००२ ते २०१९ या काळात ६ अजिंक्यपदे घेतली.

हीच मर्यादा बेसबॉलवर लादण्याचा प्रयत्न झाला तेव्हा ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडू संपावर गेले, त्या वर्षीची अंतिम मालिका रद्द झाली, पण मर्यादा आली नाही. आज बेसबॉलमध्ये जास्त खर्चावर फक्त कर आहे. डॉजर्सने २०२४ साठी १० कोटी ३० लाख डॉलर कर भरला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवली. पिट्सबर्गच्या चाहत्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण तो कोणावर काढायचा? बेसबॉलमध्येही श्रीमंत संघांच्या उत्पन्नाचा काही भाग गरीब संघांना जातो. तो पैसा संघ सुधारण्यासाठी खर्च होत नाही, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ साली चार संघांविरुद्ध केली होती. त्या चारांत पिट्सबर्ग होते.

फ्लड १९९७ साली वारला. पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा कायदा झाला आणि वरच्या दर्जाच्या लीगमधील खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण मिळाले. खालच्या लीगमध्ये तुटपुंज्या पगारावर खेळणाऱ्या हजारो पोरांना त्या कायद्यातून वगळण्यात आले.